चौथ्या वर्षीचा दिवा
(ग्रामीण सौर ऊर्जेच्या क्षेत्रातील अभियंते, शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

तारेची वीज न पोचलेल्या वस्तीला सौर वीज परवडते की नाही, हे सोलर प्लेटच्या बाजारभावावरून ठरवण्याची सवय पडून गेली आहे. प्लेट मात्र गेल्या पंधरा वर्षांत इतकी उतरली आहे की घरगुती संचाच्या खर्चात आता तिच्यापेक्षा बॅटरीच जड जाते. तरीही पाड्यांवर कुडाच्या घरांच्या छपरावर बंद पडलेल्या प्लेटा दिसतातच. प्लेट स्वतः बहुधा धडधाकट असते. खाली बॅटरी मेलेली असते, किंवा कंट्रोलरमधला चार-दोन रुपयांचा फ्यूज उडालेला असतो, आणि तो बदलू शकणारा माणूस तालुक्याच्या गावाला असतो. परवडण्याचा हिशेब खरेदीच्या दिवशी करून उपयोग नाही. तो चौथ्या वर्षी मांडावा: जेवढे पैसे गेले, तेवढ्यात एकूण किती रात्री उजेड मिळाला? परिषदेपुढचा विषय या हिशेबाचा आहे.

वीज न पोचलेली वस्ती कोणती, हेच आधी नीट पाहावे लागते. २००४ पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार गावातल्या दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज आली की ते गाव वीजयुक्त धरले जाते. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लैसांग गावात वीज पोचली आणि देशातले शेवटचे गाव उजळल्याची नोंद झाली. ही नोंद महसुली गावाची होती. सातपुड्यात, मेळघाटात, भामरागडच्या जंगलात माणसे महसुली गावात एकगठ्ठा राहत नाहीत. ती पाड्यांवर, टोल्यांवर राहतात. एका गावाचे सात-आठ पाडे असतात, दोन पाड्यांमध्ये एखादी दरी असते, आणि पाड्यावर घरे वीस-पंचवीस. मूळ गावठाणात खांब उभा राहिला की कागदावर गाव उजळते आणि वरचा पाडा चिमणीवरच राहतो. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने हिशेबाचे माप गावावरून घरावर आणले, ही मोठी सुधारणा होती. तार नेणे शक्य नसलेल्या घरांसाठी त्या योजनेत २०० ते ३०० वॉटची प्लेट, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि पाच वर्षांची देखभाल धरलेली होती.

तार न जाण्याची कारणे डोंगरात आहेत तशी कायद्यातही आहेत. राखीव जंगलातून आणि व्याघ्र प्रकल्पातून लाईन नेण्याची परवानगी वर्षानुवर्षे रखडते, असा अनुभव आहे. वास्तविक २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता यांच्याबरोबर वीज आणि दूरसंचार तारांचाही समावेश आहे. ग्रामसभेची शिफारस असेल, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडावी लागणार नसतील, तर वनजमीन वळवता येते. ही तरतूद पाड्यावरच्या माणसाला माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते त्यांना घाई नसते. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली नर्मदाकाठची गावे सरदार सरोवराच्या फुगवट्याने आणखी तुटली. ज्या धरणातून वीज निर्माण होते त्याच्या काठावरची मणिबेलीसारखी गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. याची खंत ऊर्जाक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला असायला हवी.

अशा घराची गरज किती, याचा आकडा मोठा नाही. पाच वॉटचे तीन एलईडी दिवे संध्याकाळी पाच तास लागले तर ७५ वॉट-तास होतात. वीस वॉटचा डीसी पंखा आठ तास फिरला तर १६०. दोन मोबाईल चार्ज करायला वीस. सगळे मिळून २५५ वॉट-तास, म्हणजे महिन्याला आठ युनिटसुद्धा भरत नाहीत. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला साडेचार ते साडेपाच तासांच्या भर उन्हाइतकी सौर ऊर्जा मिळते. धूळ, उष्णता, तार आणि बॅटरीत होणारी घट तीस टक्के धरली, तर शंभर वॉटच्या प्लेटपासून रोज सुमारे ३१५ वॉट-तास हाती येतात. कागदावर गणित सुटते.

पाड्यावर ते जुलैत अडते. झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि साप-विंचवाच्या भीतीने उजेड सर्वांत जास्त लागतो तो याच दिवसांत. दोन दिवसांची बेगमी करायची तर ५१० वॉट-तास बॅटरीत हवेत. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून त्यासाठी १२ व्होल्टची ८५ अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. लिथियम फेरो फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते. तिथे पन्नास अँपिअर-तास पुरतात. शिसे-आम्ल बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते, तीही वेळेवर डिस्टिल वॉटर घातले तर. लिथियमची दोन हजारांहून जास्त वेळा चार्ज होऊ शकते. पहिल्या दिवशी महाग वाटणारी लिथियमची बॅटरी चौथ्या वर्षी स्वस्त ठरते. निविदा मात्र पहिल्या दिवसाच्या भावावर निघते.

संच बिघडतो तो बारीकसारीक गोष्टींनी, आणि त्या जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. बारा व्होल्टच्या लहान प्लेटमध्ये छत्तीस पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात. सागाचे एक वाळके पान उडून दोन-तीन पेशींवर पडले, तर नुकसान तेवढ्यापुरते राहत नाही. सगळ्या साखळीचा प्रवाह अडतो, आणि अर्धी साखळी वगळून उरलेल्या अर्धीतून मिळणारा विद्युतदाब १२ व्होल्टची बॅटरी भरायला पुरत नाही. ऊन लखलखीत असते, प्लेट नवी असते आणि चार्जिंग जवळजवळ थांबलेले असते. घरातल्या बाईने काठीला फडके बांधून सकाळी प्लेट पुसली की वीज परत येते. धडगावसारख्या ठिकाणी प्लेट दक्षिणेकडे तोंड करून साधारण बावीस अंशांच्या कलाने बसवतात. कल कमी ठेवला तर धूळ पावसाने वाहून जात नाही, खालच्या कडेला गाळ धरतो आणि सावलीचे काम करतो.

दुसरी गोष्ट तारेची. बारा व्होल्टच्या संचात तार पातळ वापरली की वीज तारेतच मुरते. बाजारात सहज मिळणारी अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार दहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन वीस मीटरचा रोध पाऊण ओहमच्या जवळ भरतो. चोवीस वॉटचा पंखा दोन अँपिअर घेतो, म्हणजे जवळपास दीड व्होल्ट वाटेतच गेले. पंखा रडत फिरतो आणि घरमालक कंपनीला बोल लावतो. जाड तार घातली असती तर फरक शे-दोनशे रुपयांचा होता. बॅटरीच्या टर्मिनलवर चढणारा हिरवट-पांढरा थर, पाणी कमी पडून उघड्या पडलेल्या शिशाच्या पट्ट्या, कंट्रोलर वगळून थेट बॅटरीला जोडलेला साउंड बॉक्स ही पुढची कारणे. हायड्रोमीटरमध्ये आम्लाची घनता १.२५ च्या आसपास आली तर बॅटरी भरलेली, १.१५ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. हे उपकरण दाखवायला दहा मिनिटे लागतात, आणि एकदा दाखवले की सातवी शिकलेली मुलगी ते बिनचूक वाचते.

पैशाचा भाग यानंतर येतो. तो रकमेइतकाच वेळेचाही असतो. १९९५ पासून कर्नाटकात सेल्को या संस्थेमार्फत ग्रामीण सौर वीज नेणारे हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा गाभा असा की प्लेट विकण्याआधी ग्राहकाची मिळकत कोणत्या वारी, कोणत्या महिन्यात येते ते बघायचे आणि ग्रामीण बँकेचा हप्ता तसा बांधून घ्यायचा. रोजच्या विक्रीवर जगणाऱ्या फेरीवाल्याला महिन्याला तीनशे रुपये जड जातात, रोज दहा जड जात नाहीत. सातपुड्यात हे गणित आणखी निराळे आहे. तिथे पैसा मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात येतो, आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघून जातात ती होळीला परततात. महिन्याचा सारखा हप्ता तिथे पहिल्याच वर्षी थकतो. उचल घेऊन आलेल्या किंवा हिशेब करून परतलेल्या माणसाच्या हातात पैसा असतो तो मोजक्या आठवड्यांत. वसुली त्या आठवड्यांत ठेवावी.

याच स्थलांतराचा बॅटरीवरही परिणाम होतो, आणि योजना आखणारे तो बहुधा विसरतात. घर चार महिने बंद असते. चोरीच्या भीतीने माणसे प्लेट उतरवून घरात ठेवतात, बॅटरी अर्धवट भरलेली तशीच पडून राहते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि होळीला घर उघडल्यावर ती चार्ज धरत नाही. जाण्याआधी बॅटरी पूर्ण भरून शेजारच्या राहत्या घरी ठेवावी, एवढे सांगायलाही पाड्याचे वर्ष माहीत असलेला माणूस हवा.

बांगलादेशाने हप्त्याचा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला. तिथल्या इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने २००३ मध्ये घरगुती सौर संचांचा कार्यक्रम सुरू केला. स्थानिक संस्था संच बसवीत, थोडी रक्कम रोख घेत, उरलेली दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करीत आणि इडकॉल त्यांना पुनर्वित्त देत असे. पन्नास हजार संचांचे उद्दिष्ट २००८ साठी ठेवले होते. ते २००५ मध्येच पुरे झाले, आणि पुढे संचांची संख्या चाळीस लाखांच्या वर गेली. हप्ता घ्यायला दर महिन्याला येणारा माणूसच बॅटरीचे पाणी बघत असे, हे त्या यशाचे कारण दिसते. वसुली आणि देखभाल एकाच पायाने चालत होती. पुढे सरकारी योजनांतून फुकट संच वाटले जाऊ लागले आणि तारेची वीजही वेगाने पसरली, तशी हप्त्याने घेणारी माणसे थांबली आणि स्थानिक संस्था अडचणीत आल्या.

फुकट की विकत, हा वाद त्यामुळे नेहमी निघतो. अतिदुर्बल कुटुंबाकडून पैसे घ्यावेत, असा आग्रह धरणे अन्यायाचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन कार्यक्रमात विशेष दुर्बल आदिवासी समूहांतल्या एक लाख घरांसाठी, घरटी पन्नास हजार रुपयांपर्यंत खर्चाचे सौर संच धरले आहेत. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे समूह त्यात येतात. संच फुकट द्यावा. देखभाल मात्र बिनपैशाची समजू नये. तिचा पैसा कुणाच्या तरी अंदाजपत्रकात, नावानिशी आणि दर महिन्याला असला पाहिजे.

छत्तीसगडच्या क्रेडा या राज्य संस्थेने हे करून दाखवले. बस्तरच्या जंगलात, गडचिरोलीच्या अगदी शेजारी, शेकडो पाड्यांवर तिने लहान सौर संयंत्रे बसवली. घरामागे कुटुंबाने महिन्याला पाच रुपये द्यायचे आणि वरची भर राज्याने घालायची, अशी रचना होती. गावातलाच एक माणूस प्लेटा पुसणे, पाणी घालणे, नोंद ठेवणे ही कामे करतो. दहा-पंधरा गावांमागे एक तंत्रज्ञ मोटारसायकलवर फिरतो. मोठा बिघाड त्याच्या वरच्या पातळीवर जातो. त्यात दिपवणारे काही नाही. पगार वेळेवर, सुटे भाग जवळ आणि जबाबदार माणसाचे नाव ठरलेले, एवढीच ती व्यवस्था आहे, आणि महाराष्ट्रातल्या सीमेवरच्या तालुक्यांनी ती जशीच्या तशी उचलायला हरकत नाही.

घरे दाटीने असतील तर प्रत्येक छपरावर वेगळा संच देण्यापेक्षा वस्तीचा एकच सूक्ष्म ग्रिड सोयीचा पडतो. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडी या ठाकर वस्तीत २०१२ मध्ये पुण्याच्या ग्राम ऊर्जा संस्थेने ९.४ किलोवॅटचे संयंत्र उभारले. घरे चाळीसच्या आत. गावकऱ्यांचे विश्वस्त मंडळ, प्रत्येक घराला मीटर आणि मीटरप्रमाणे बिल, अशी त्याची मांडणी होती. दर युनिटला शहरी दरापेक्षा बराच चढा होता; पण वापर थोडा असल्याने महिन्याचे बिल रॉकेल आणि मोबाईल चार्जिंगसाठी पायपीट यांच्या खर्चाशी जुळत होते. जमलेला पैसा पुढच्या बॅटरीसाठी बाजूला पडत होता. मीटर नसता तर एका घरातल्या टीव्हीने बाकीच्यांचा रात्रीचा उजेड खाल्ला असता.

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावाची कथा दुसऱ्या टोकाची आहे. २०१४ मध्ये तिथे १०० किलोवॅटचा सूक्ष्म ग्रिड सुरू झाला; सत्तर किलोवॅट घरांसाठी आणि तीस सिंचनाच्या पंपांसाठी. उद्घाटनाची चर्चा जगभर झाली. लवकरच गावात तारेची वीज आली, ती निम्म्याहून कमी दराने, आणि तिच्यावर फ्रीजही चालत होता. काही वर्षांत बॅटऱ्या थकल्या, बदलायला निधी नव्हता, आणि संयंत्राच्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली. गावकऱ्यांना दोष देण्यासारखे यात काही नाही. स्वस्त आणि जास्त वीज मिळत असताना महाग आणि थोडी कुणीही घेणार नाही. चूक आखणीत होती: तार आली तर संयंत्राचे काय करायचे, याचे उत्तर पहिल्या दिवशी लिहून ठेवलेले नव्हते. सूक्ष्म ग्रिड पहिल्यापासून मुख्य लाईनच्या मानकांप्रमाणे, एसी आणि योग्य खांब-तारा घालून बांधला, तर पुढे तो लाईनला जोडून दिवसाची वीज तिला विकता येते. करारात हे कलम नसेल, तर त्या पाड्यावर घरगुती संचच बरे. ते निदान उचलून पुढच्या पाड्यावर नेता येतात.

आतापर्यंतचा सगळा जाच बॅटरीचा आहे. म्हणून जिथे बॅटरीशिवाय भागते तिथे ती घालूच नये. पाणी हे त्याचे उत्तम उदाहरण. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राबवलेल्या दुहेरी पंप योजनेत एकाच विंधण विहिरीवर हातपंप तसाच ठेवून आत सौर पंप सोडतात, आणि वर लोखंडी मांडणीवर पाच हजार लिटरची टाकी बसवतात. ऊन असते तेव्हा पंप टाकी भरतो, संध्याकाळी नळाला पाणी येते. साठवण विजेऐवजी पाण्याची झाली. झडीत ऊन नसले तर हातपंप आहेच. हंडे घेऊन दरीत उतरणाऱ्या बायकांचे दिवसाचे दोन-तीन तास यातून वाचतात. दिव्याने पाड्याला जेवढे दिले, तेवढेच किंवा त्याहून जास्त या टाकीने दिले, असे म्हणायला जागा आहे. शेतीपंपाचेही तेच: २०१९ पासूनच्या पीएम-कुसुम योजनेत आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत दिवसा पाणी उपसले जाते, बॅटरी नसते, आणि रात्री बिबट्याच्या भीतीत दारे धरायला जावे लागत नाही. पिठाची गिरणी, भाताची कांडप दुपारी चालवली तर तिथेही साठवणीचा खर्च वाचतो. आरोग्य उपकेंद्रात लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. सूर्यावर थेट चालणारे शीतकपाट दिवसा बर्फ गोठवते आणि रात्र त्या बर्फावर काढते.

कारागीर कोण व्हावा, हा राहिलेला मोठा प्रश्न. पाड्यावरचा मुलगा आयटीआयमधून सोलरचे काम शिकला की तो नाशिकला, सुरतेला जातो, आणि त्याने का जाऊ नये? राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने यावर निराळा मार्ग काढला. घर-शेत सोडून न जाणाऱ्या मध्यमवयीन बायका, आज्यासुद्धा, त्यांनी निवडल्या. अक्षरओळख नसली तरी सुटे भाग रंगांनी ओळखायचे, जोडणी हाताने करून शिकायची, आणि सहा महिन्यांनी गावी परतून संच बसवायचे. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतल्या बायका तिथे शिकून गेल्या. शिकवणारी आणि शिकणारी यांची भाषा एक नसतानाही काम चालले. भिली, पावरी, कोरकू, माडिया बोलणाऱ्या बायकांना सोल्डरिंग शिकवायला मराठीची पुस्तके अडसर ठरत असतील, तर पुस्तके बाजूला ठेवावीत. धडगावच्या आठवडे बाजारात एका टेबलावर फ्यूज, डिस्टिल वॉटर, कंट्रोलर आणि मल्टिमीटर घेऊन बसलेली अशी एक बाई असली, तर भोवतीच्या पाड्यांचे निम्मे संच बंद पडणार नाहीत. तिचे मानधन देखभालीच्या अंदाजपत्रकातून द्यावे, संचांच्या संख्येवर नव्हे, चालू असलेल्या संचांच्या संख्येवर.

शेवटी उरते मेलेली बॅटरी. ती घरामागे पडून राहिली तर शिसे आणि आम्ल मातीत, मग विहिरीत उतरते. भंगारवाल्याने ओढ्याकाठी फोडली तर आणखी वाईट. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण उत्पादकाचा ट्रक डांबरी रस्त्यापर्यंतच येतो. पाड्यापासून रस्त्यापर्यंत ८५ अँपिअर-तासांची बॅटरी, पंचवीस किलोंच्या आसपास वजनाची, कुणाच्या तरी खांद्यावरूनच उतरते. जुनी आणून दिल्याशिवाय नवी मिळणार नाही, जुनीचे शिशाच्या भावाने पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतील आणि उतरवण्याची मजुरी वेगळी मिळेल, असे खरेदीच्या करारातच लिहिले, तर तीच माणसे, त्याच पायवाटेने, जुनी खाली आणतात आणि नवी वर नेतात.